लाल औषध आणि रक्त नसताना वाजणारा ब्लड लीक अलार्म

डायलायझरच्या, म्हणजे डायलिसिसच्या फिल्टरच्या, माहितीपत्रकावर एक छोटा तक्ता छापलेला असतो. युरिया किती निघतो, क्रिएटिनिन किती, फॉस्फेट किती आणि त्यांच्याच खाली व्हिटॅमिन बी12 किती. युरिया-क्रिएटिनिनचं समजतं, ती बाहेर काढायचीच असतात. पण बी12 काढून कुणाचं भलं होणार? कुणाचंच नाही. मध्यम आकाराचे रेणू फिल्टरच्या पडद्यातून किती सहज पार होतात हे मोजायला एक नमुन्याचा रेणू लागतो, आणि त्या कामाला बी12 सोयीचं पडतं. वजन साधारण 1,355 डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक), म्हणजे युरियाच्या बावीसपटीहून जास्त. रंग लाल.

म्हणजे बी12 पडद्यापलीकडे जातं ही गोष्ट डायलिसिसच्या क्षेत्रात जुनीच आहे, बहुतेक फिल्टरच्या कागदावर ती छापलेली असते. तरीही सायनाइडच्या विषबाधेवर उतारा म्हणून किंवा अशाच कारणाने हेच बी12 प्रचंड मात्रेत मिळालेला पेशंट मशीनवर घेतला आणि थोड्याच वेळात ‘ब्लड लीक’चा अलार्म वाजला, की युनिटमध्ये धावपळ होते. फिल्टर बदलला जातो, अलार्म पुन्हा वाजतो. मशीन बदललं जातं, तरी पुन्हा तेच. रक्त मात्र कुठेच गळत नसतं.

मशीनला काय दिसतं

डायलायझरमध्ये हजारो बारीक पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून डायलिसेट, म्हणजे रक्तातली घाण वाहून नेणारं क्षारांचं पाणी. रक्ताचा वेग मिनिटाला साधारण 250 ते 350 मिलिलिटर, डायलिसेटचा 500. चार तासांत 120 लिटर डायलिसेट पेशंटच्या रक्ताला शिवून ड्रेनमध्ये जातं. एखादा तंतू फुटला तर रक्त या पाण्यात मिसळून गटारात जाईल आणि वरून कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या लाइनवर मशीनच्या आत ब्लड लीक डिटेक्टर बसवलेला असतो.

त्याची रचना अगदी साधी. एका बाजूला एलईडी, समोर प्रकाश मोजणारा सेन्सर, मधून डायलिसेट वाहतं. पाणी स्वच्छ असलं की ठरलेला प्रकाश पलीकडे पोचतो. हिमोग्लोबिन आलं की ते हिरव्या भागातला प्रकाश शोषतं, सेन्सरवरचा उजेड कमी होतो आणि मशीन ओरडतं. बहुतेक मशीन मिनिटाला 0.35 मिलिलिटर रक्ताची गळतीसुद्धा पकडतात. 500 मिलिलिटरमध्ये 0.35, म्हणजे चौदाशे भागांत एक भाग. इतकं फिकट पाणी डोळ्यांना सहसा लाल दिसतच नाही. पण एवढीच गळती चार तास चालू राहिली तर 84 मिलिलिटर रक्त जाईल, आणि हिमोग्लोबिन 8-9 असलेल्या पेशंटला ते परवडणारं नाही. तेव्हा डिटेक्टर इतका तिखट असण्यात काही चूक नाही.

अडचण एवढीच की त्याला रक्त ओळखता येत नाही. तो फक्त उजेड मोजतो. उजेड कशाने अडला, पेशीने की रंगाने की बुडबुड्याने, हे त्याच्या कक्षेबाहेरचं आहे.

औषध कोणतं आणि ते कुणाला देतात

नाव हायड्रॉक्सोकोबालामिन, बी12 चंच एक रूप. सायनाइडच्या विषबाधेवर ते उतारा म्हणून देतात. अमेरिकेत त्याच्या या वापराला 2006 साली मान्यता मिळाली. मोठ्या माणसाला 5 ग्रॅम, 200 मिलिलिटर सलाइनमध्ये विरघळवून, शिरेतून साधारण 15 मिनिटांत. गरज पडली तर आणखी 5 ग्रॅम. रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो, तो सायनाइडला पकडून ठेवतो, आणि तयार झालेलं सायनोकोबालामिन, म्हणजे पुन्हा बी12 च, लघवीवाटे निघून जातं.

सायनाइड म्हटलं की रहस्यकथा आठवतात, पण रुग्णालयात ते येतं मुख्यतः आगीच्या धुरातून. सोफ्याचा फोम, नायलॉन, लोकर, रेशीम बंद जागेत जळलं की हायड्रोजन सायनाइड तयार होतं. ठाणे-बेलापूर रोडलगतच्या रबाळे, महापे, पावणे, तुर्भे पट्ट्यातल्या गोदामाला आग लागो की घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधल्या एखाद्या दिवाणखान्याला, धुराचा हा भाग सारखाच. दुसरं कारण धातूवर मुलामा चढवण्याचं काम. प्लेटिंगच्या काही प्रक्रियांत सायनाइडचे क्षार वापरतात. तिसरा वापर अगदी वेगळा आहे: हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही पेशंटच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बाकी औषधांनी बीपी वर येत नाही, तेव्हा काही आयसीयूंमध्ये हेच औषध देतात. ते नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं आणि वाहिन्या आवळल्या जातात. हा वापर औषधाच्या अधिकृत यादीत नाही, डॉक्टरांच्या निर्णयावर होतो.

आता या तिन्ही पेशंटांकडे पाहा. धुरात गुदमरलेला, शॉकमध्ये गेलेला, बायपासनंतर बीपी कोसळलेला. किडनी बंद पडण्याची शक्यता ज्यांची बरीच जास्त, तेच हे लोक. शिवाय या औषधानंतर किडनीत ऑक्झलेटचे बारीक स्फटिक साचून ती निकामी झाल्याची उदाहरणंही नोंदवली गेली आहेत. म्हणजे औषध आणि डायलिसिस यांची गाठ पडणं हा निव्वळ योगायोग नसतो.

हे औषध महाग आहे, दर रुग्णालयाच्या कपाटात ते नसतं. सायनाइडवर सोडियम थायोसल्फेटही देतात. ते रंगहीन असल्यामुळे डिटेक्टरला त्याचा काहीच त्रास नाही. म्हणून ‘सायनाइडचा उतारा दिला’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही. कोणता दिला, ते नाव हवं.

रोजच्या बी12 च्या इंजेक्शनचं काय?

हा प्रश्न लगेच येणार, कारण पायांची आग होते, मुंग्या येतात म्हणून डायलिसिसच्या कितीतरी पेशंटांना बी12 ची इंजेक्शनं चालू असतात. तीही लालच. पण त्यांची मात्रा 500 किंवा 1,500 मायक्रोग्रॅम. 5 ग्रॅम म्हणजे 1,500 मायक्रोग्रॅमच्या तेहतीसशे पट. तुमच्या इंजेक्शनने अलार्म वाजणार नाही. ते बंद करू नका.

दुसरी शंका लोहाच्या इंजेक्शनची. आयर्न सुक्रोज तर गडद तपकिरी असतं आणि डायलिसिस चालू असतानाच व्हीनस लाइनमधून, म्हणजे रक्त पेशंटकडे परत नेणाऱ्या नळीतून, देतात. मग ते का वाजवत नाही? कारण त्याचा कण 34 हजार ते 60 हजार डाल्टनचा असतो. हाय-फ्लक्स, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या, पडद्यातूनही तो पलीकडे जात नाही. रंगीत असणं पुरेसं नाही, पडद्यातून निसटण्याइतकं लहानही असावं लागतं. हायड्रॉक्सोकोबालामिनकडे दोन्ही आहे. 1,346 डाल्टन वजन, आणि 500 ते 550 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषणारा रंग, नेमक्या त्याच शेजारी जिथे हिमोग्लोबिन शोषतं.

अलार्म वाजल्यावर

ब्लड लीक अलार्म आला की मशीन रक्ताचा पंप थांबवतं, व्हीनस लाइनचा क्लॅम्प बंद करतं आणि पेशंटच्या अंगातलं जादा पाणी ओढणं थांबवतं. बरीच मशीन डायलिसेटही बायपासला टाकतात, म्हणजे फिल्टरला वळसा घालून वळवतात. म्हणजे फिल्टर आणि लाइनमध्ये दोनशे-अडीचशे मिलिलिटर रक्त जागच्या जागी उभं राहतं. भाजलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटला रक्त गोठू न देणारं हेपारिन बेताचंच दिलेलं असतं किंवा दिलेलंच नसतं, त्यामुळे त्यात गाठ धरायला फार वेळ लागत नाही. खोट्या अलार्मचं खरं नुकसान हे आहे. दोनदा-तीनदा असं झालं तर गळतीत गेलं नसतं तेवढं रक्त फेकलेल्या लाइनांमध्ये जातं, आणि पोटॅशियम तिथल्या तिथे राहतं.

तरीही पहिलं गृहीतक एकच: अलार्म खरा आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फिल्टर धुऊन पुन्हा वापरतात, आणि वापरलेल्या फिल्टरचे तंतू फुटण्याचा धोका असतो. म्हणून तर दर वेळी धुतल्यावर प्रेशर टेस्ट करायची असते. फिल्टर पुन्हा वापरलेला असेल तर आधी त्याच्याकडे संशयाने पाहावं.

डायलिसेटचा नमुना फिल्टरच्या बाहेर जाणाऱ्या हॅन्सनपाशी (डायलिसेटची नळी फिल्टरला जोडणाऱ्या कप्लरपाशी) घ्यायचा, ड्रेनच्या टोकाला नाही. पारदर्शक ग्लासात घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरायचा. इथे स्वयंपाकघरातली एक तुलना उपयोगी पडते. औषधाचा रंग पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळे ते कोकम सरबतासारखं दिसतं: लाल, पण आरपार. रक्ताच्या पेशी विरघळत नाहीत, तरंगतात. भरपूर रक्त आलं असेल तर पाणी सोलकढीच्या बाजूला झुकतं, गढूळ. पण वर सांगितलेला चौदाशे भागांचा हिशोब विसरायचा नाही. गळती बारीक असेल तर डोळ्यांना काहीच कळणार नाही, आणि ‘आरपार दिसतंय’ म्हणून पुढे जाणं धोक्याचं ठरेल.

मग पट्टी लावायची. रक्त शोधणारी टेस्ट स्ट्रिप साध्या अलार्मला उत्तम चालते. या औषधाच्या बाबतीत मात्र पट्टीही रंगानेच बोलते, आणि लाल पाण्यात बुडवलेल्या पट्टीचा रंग वाचणं म्हणजे चष्म्यावर गुलाल उडालेला असताना सिग्नल बघणं. निगेटिव्ह पट्टीचा थोडाफार आधार आहे, पॉझिटिव्हचा जवळजवळ नाही. त्यापेक्षा भरवशाचा मार्ग लॅबमध्ये आहे: नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. डायलिसेटमधलं मिठाचं प्रमाण रक्ताच्या जवळचं असल्याने पेशी त्यात लगेच फुटत नाहीत. रक्त असेल तर तळाशी लाल ठिपका बसेल आणि वरचं पाणी निवळेल. औषध असेल तर कितीही फिरवा, लाली वरपासून खालपर्यंत एकसारखीच. तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की शंका उरत नाही.

खरी गळती ठरली आणि रक्त डोळ्यांना दिसत असेल तर लाइनमधलं रक्त पेशंटला परत देत नाहीत. पडदा फाटला आहे याचा अर्थ डायलिसेटही उलट रक्तात शिरू शकतं, आणि ते निर्जंतुक नसतं. नवा फिल्टर, नव्या लाइन, पुन्हा प्रायमिंग, म्हणजे त्या सलाइनने भरून घेणं.

खोट्या अलार्मची औषधाशी संबंध नसलेली कारणं अर्थातच जास्त आढळतात. हॅन्सन सैल बसल्याने हवा ओढली जाते आणि बुडबुडे प्रकाश विखुरतात. सेन्सरच्या काचेवर थर साचतो. या थराबद्दल आपल्याकडे टँकरच्या पाण्याला दोष देण्याची पद्धत आहे, पण मशीनला मिळतं ते आरओचं पाणी. थर बनतो तो डायलिसेटमधल्याच कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचा. तो आम्लाने, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडच्या सायकलने निघतो. प्रथिनांचा चिकट थर मात्र ब्लीचने निघतो. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. या अलार्मची खूण अशी की मशीन बदललं की तो थांबतो. औषधाचा अलार्म पेशंटबरोबर फिरतो.

आणखी एक कारण आहे, ज्याला खोटं म्हणून झटकायचं नाही: शरीरातच लाल पेशी फुटणं. मुरडलेली लाइन, जास्त तापलेलं डायलिसेट, पाण्यात राहिलेलं क्लोरामिन (जंतुनाशक म्हणून टाकलेलं क्लोरीनचं संयुग) यांनी ते होतं. पेशंटला छातीत-पाठीत दुखतंय, दम लागतोय आणि व्हीनस लाइनमधलं रक्त जांभळट, वाइनसारखं दिसतंय, तर आधी पंप बंद, लाइन क्लॅम्प, रक्त परत द्यायचं नाही आणि डॉक्टरांना हाक.

औषध मिळालं आहे हे माहीत असेल तर

तेव्हा पहिला प्रश्न नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचा: डायलिसिस आत्ताच हवं का? सायनाइडमुळे रक्त आम्लधर्मी होतं आणि लॅक्टेट चढतं, पण ते उतारा लागू पडल्यावर बहुतेकदा स्वतःच खाली येऊ लागतं. पोटॅशियमसाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन-ग्लुकोज, साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन यांनी काही तास मिळतात. पाणी छातीत भरलंय, पोटॅशियम ऐकत नाहीये, तर थांबण्यात अर्थ नाही.

तपासण्यांकडेही इथेच लक्ष द्यायला हवं, कारण डायलिसिसचा निर्णय आकड्यांवर होतो आणि हे औषध आकडे बिघडवतं. लॅबच्या पुष्कळ चाचण्या नमुन्यातून प्रकाश सोडूनच होतात. क्रिएटिनिन, बिलिरुबिन, मॅग्नेशियम, यकृताच्या चाचण्या, कधी हिमोग्लोबिनसुद्धा, मशीन आणि पद्धतीनुसार वर किंवा खाली चुकतात. धुरात सापडलेल्या पेशंटच्या कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्यालाही ते धक्का लावतं. म्हणून रक्ताच्या नळ्या औषध सुरू करण्याआधी भरून ठेवायच्या. ते राहून गेलं असेल तर लॅबला फोन करून औषधाचं नाव सांगायचं.

डायलिसिस करायचंच ठरलं तर बायोमेडिकल इंजिनीअरला आधी विचारा. सगळ्या कंपन्या एकाच रंगाचा प्रकाश वापरत नाहीत. काही हिरवा, काही लाल, काही इन्फ्रारेड, काही दोन रंगांची तुलना करतात. लाल औषध हिरवा प्रकाश अडवतं, इन्फ्रारेड फारसा अडवत नाही. त्यामुळे एकाच रुग्णालयातल्या दोन कंपन्यांच्या मशीनपैकी एक वाजतं आणि दुसरं शांत चालतं, असं होऊ शकतं. शांत चालणारं मशीन बिघडलेलं नसतं. लो-फ्लक्स, म्हणजे बारीक छिद्रांच्या, फिल्टरमधून औषध कमी पार होतं. सुरुवातीच्या त्या तक्त्यात बी12 चा आकडा पाहिला की किती कमी ते कळेल, शून्य मात्र नसतो. आयसीयूमध्ये संथ चालणाऱ्या सीआरआरटीच्या मशीनवरही असाच डिटेक्टर असतो, तेव्हा ‘मोठ्या मशीनवर नको, सीआरआरटी लावू’ ही हमखास सुटका नाही. पोटातून करायच्या डायलिसिसला, हाताने पिशव्या बदलायच्या पद्धतीत, डिटेक्टरच नसतो. पण पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा पोट भाजलेल्या पेशंटला तो पर्याय कुठून देणार?

सेन्सरला चिकटपट्टी लावणं, त्याची केबल काढणं, लाल डायलिसेट वाहत असताना त्याला ‘शून्य’ म्हणून कॅलिब्रेट करणं, हे खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या टेक्निशियनने कधीही करायचं नाही. शेवटचा प्रकार वरवर निरुपद्रवी वाटतो आणि सर्वात घातक तोच आहे. लाल पाण्याला स्वच्छ मानायला शिकवलेला सेन्सर खरं रक्त आलं तरी गप्प बसू शकतो, आणि पुढच्या पेशंटपर्यंत ते कुणाच्या लक्षातही राहत नाही.

कागदावर काय लिहायचं

समजा तुर्भ्याला आग लागली. जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत औषध दिलं गेलं. तिथून पेशंट ऐरोलीच्या बर्न्स सेंटरसारख्या ठिकाणी किंवा ऐरोली पूल ओलांडून मुंबईत हलवला. तिसऱ्या दिवशी लघवी थांबली आणि रात्री अकराला डायलिसिस टेक्निशियनला बोलावणं आलं. औषध देणारा डॉक्टर आणि सुई टोचणारा टेक्निशियन यांच्यात दोन रुग्णालयं आणि कितीतरी ड्युट्या. हा अलार्म गोंधळ घालतो तो याच फटीत.

हलवतानाच्या पत्रावर औषधाचं पूर्ण नाव, मात्रा, तारीख, वेळ, आणि त्याखाली एक ओळ: ‘रंगामुळे डायलिसिस मशीनचा ब्लड लीक अलार्म खोटा वाजू शकतो; लॅबचे आकडेही चुकू शकतात.’ ही ओळ कारणासकट हवी. नुसतं औषधाचं नाव वाचून रात्री अकरा वाजता कुणाला डिटेक्टर आठवणार नाही.

नातेवाइकांना नाव आठवणार नाही, पण रंग आठवेल. अंग लालबुंद झालं, लघवीची पिशवी कोकमासारखी दिसत होती, असं तुम्ही पाहिलं असेल तर ते टेक्निशियनला मशीन लावण्याआधी सांगा. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जाणारा माणूसच धुरात सापडला असेल, तर मागच्या डायलिसिसनंतर शिरेतून दिलेलं प्रत्येक औषध त्याच्या वहीत चढवा.

ही नोंद किती दिवस ठेवायची? निरोगी माणसात औषधाचं अर्धायुष्य 26 ते 31 तास आहे, त्वचेची लाली दोन आठवड्यांपर्यंत आणि लघवीची पाच आठवड्यांपर्यंत टिकू शकते. किडनीच बंद असेल तर बाहेर पडायचा मुख्य रस्ताही बंद, त्यामुळे हे आकडे तिथे किमान समजायचे. फाइलच्या पहिल्या पानावरची ती चिठ्ठी निदान पाच आठवडे राहू द्यावी, आणि मधल्या प्रत्येक डायलिसिसला अलार्म आला की नाही, कोणत्या मशीनवर, कितव्या मिनिटाला, हे त्याखाली लिहीत जावं.